लहान डब्यातली गरम एसएसडी

पुस्तकाएवढा डेस्कटॉप, त्यात नव्यानं बसवलेली एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डवर थेट बसणारी, साठवणुकीची वेगवान पट्टी) आणि पुण्यातला उन्हाळा, या तिघांची गाठ पडली की काय होतं यावरचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांचा पाया तिथेच आहे.

प्रश्न (कोथरूड): माझ्याकडे एक लिटर आकाराचा रिफर्बिश्ड मिनी डेस्कटॉप आहे, बाराव्या पिढीचा प्रोसेसर. दोन एम.टू स्लॉट (अशा ड्राइव्ह बसवायच्या खाचा) आहेत. एकात जुनी ५१२ जीबी ड्राइव्ह ठेवली आणि दुसऱ्यात नवी १ टीबी जेन ४, म्हणजे चौथ्या पिढीच्या जोडणीची, बसवली. जुनीवरून नवीवर व्हिडिओ हलवताना वेग सेकंदाला १,५०० एमबीनं सुरू होतो, दीडेक मिनिटात २५० वर येतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर ड्राइव्हचं तापमान ८४ अंश दाखवतं. झाकण उघडं ठेवून केलं तर शेवटपर्यंत नीट चालतं. ड्राइव्ह सदोष आहे का? दुकानदार बदलून द्यायला तयार आहे.

उत्तर: बदलू नका, दुसरीही तशीच वागेल. झाकण उघडल्यावर ती नीट चालते, यातच निदान आलं. ड्राइव्ह स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आहे. याला थ्रॉटलिंग म्हणतात. बहुतेक उत्पादक माहितीपत्रकात ० ते ७० अंश अशी मर्यादा छापतात. प्रत्यक्षात ८० च्या आसपास पोचल्यावर कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हचं काम चालवणारी चिप, आधी थोडा आणि मग एकदम मंदावतो. त्यामुळे डेटा बिघडत नाही, पण रोज तासन् तास ८० च्या वर राहणं ड्राइव्हच्या आयुष्याला बरं नव्हे.

आता हे डब्यातच का होतं ते बघा. जेन ४ ड्राइव्ह सलग लिहिताना ५ ते ८ वॅट खाते आणि ती सगळी उष्णता २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब पट्टीवर तयार होते. त्यातही मुख्य वाटा कंट्रोलरचा, म्हणजे जेमतेम नखाएवढ्या चौकोनाचा. मोठ्या कॅबिनेटमध्ये वारा आपोआप फिरतो. तुमच्या डब्यात पंखा एकच आहे आणि त्याला एसएसडीचं काही कळत नाही. त्याचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर ठरतो. फाइली कॉपी होताना प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असतो, म्हणून पंखा मंद फिरतो आणि नेमकं तेव्हाच ड्राइव्ह तापत असते. तुमच्याकडे तर वाचणारी आणि लिहिणारी अशा दोन ड्राइव्ह एकाच हवेत एकाच वेळी तापताहेत.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन पंख्याचा पर्याय ‘सायलेंट’वरून ‘बॅलन्स्ड’ किंवा ‘परफॉर्मन्स’वर न्या. काही बायोसमध्ये पंख्याचा किमान वेग टक्क्यांत देता येतो. तो ३५ ते ४० टक्के ठेवा. थोडा आवाज येईल, पण हवा सतत हलती राहील.

दुसरा उपायही फुकटचाच. डबा कुठे ठेवला आहे ते बघा. अशा अनेक मशीनमध्ये एम.टू स्लॉट मदरबोर्डच्या खालच्या अंगाला असतात आणि खालच्या झाकणाला जाळी असते. खालचे रबरी पाय झिजले किंवा गळाले असतील आणि डबा टेबलक्लॉथवर बसला असेल, तर ती जाळी बंदच झाली म्हणायची. डबा उभा ठेवता येत असेल तर स्टँडवर उभा करा. मॉनिटरच्या मागे टांगला असेल तर मॉनिटरची गरम हवा त्यावर येत नाही ना, हे हात लावून बघा.

एवढ्यानंतरही तापमान ७५ च्या वर जात असेल, तर उष्णतेला बाहेर जायला धातूची वाट करून द्या. इथे बऱ्याच जणांची समजूत चुकते. नुसता हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा, चिकटवणं हा बंद डब्यात अर्धाच उपाय असतो. हिशेब असा: २० ग्रॅम ॲल्युमिनियमचा हीटसिंक १ अंशानं तापायला साधारण १८ जूल लागतात. ६ वॅटची ड्राइव्ह दर सेकंदाला ६ जूल देते. म्हणजे त्यातून उष्णता बाहेर पडलीच नाही, तर दर तीन सेकंदांना एक अंश. ४५ पासून ८० पर्यंत पोचायला पावणेदोन मिनिटं. एवढाच उसना वेळ तो हीटसिंक देतो, आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. काही उष्णता हवेत जाते म्हणून प्रत्यक्षात वेळ थोडा अधिक मिळेल, पण त्या डब्यातली हवाच ५० अंशांवर असेल तर फार नाही.

डब्याचं धातूचं झाकण मात्र मोठं असतं आणि बाहेरच्या हवेत असतं. ड्राइव्हपासून झाकणापर्यंत थर्मल पॅडनं (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ चकतीनं) पूल बांधला, तर सगळं झाकणच हीटसिंक होतं. झाकण प्लॅस्टिकचं असेल तर हा मार्ग नाही. पातळ हीटसिंक आणि वाहता पंखा यावरच भागवावं लागेल.

पूल बांधण्याआधी अंतर मोजा, अंदाजानं पॅड आणू नका. मुलांच्या खेळण्यातली रंगीत क्ले घ्या, तिची वाटाण्याएवढी गोळी पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, प्लग काढलेल्या मशीनमध्ये ड्राइव्हच्या मधल्या मोठ्या चिपवर ठेवा आणि झाकण नेहमीसारखं बसवून पुन्हा उघडा. चपटी झालेली गोळी प्लॅस्टिकसकट उचलून पट्टीनं किंवा व्हर्निअरनं मोजा. हेच कंट्रोलरवरही करा, दोन्हींच्या उंचीत फरक असू शकतो. समजा ६ मिमी आलं. तेवढा जाड पॅड लावू नका, जाड पॅड स्वतःच अडसर होतो. ड्राइव्हवर १ मिमी पॅड, त्यावर ४ मिमी उंचीचा सपाट ॲल्युमिनियमचा तुकडा किंवा हीटसिंक, त्यावर झाकणाच्या बाजूला १.५ मिमी पॅड. बेरीज साडेसहा होते, ती दाबानं सहावर बसते. याहून जास्त दाब नको. ड्राइव्हची पट्टी मधोमध वाकली, तर चिपखालचे डाख तडकतात आणि असली ड्राइव्ह कधी चालते, कधी दिसतच नाही. झाकण लावताना जोर करावा लागत असेल तर थांबा आणि वरचा पॅड पातळ घ्या.

पॅडवर छापलेल्या उष्णतावाहकतेच्या आकड्यावर फार पैसे घालवू नका. कंट्रोलर १२ मिमी बाय १२ मिमी आहे आणि ४ वॅट देतो असं धरलं, तर ६ आकड्याच्या १ मिमी पॅडमध्ये साधारण साडेचार अंश अडतात, १२ आकड्याच्या पॅडमध्ये सव्वादोन. फरक दोन अंशांचा. मऊ आणि योग्य जाडीचा पॅड यापेक्षा कितीतरी जास्त देतो. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत जात असाल तर ०.५, १ आणि १.५ मिमी अशा तीन जाड्यांचे पॅड आणून ठेवा, कात्रीनं कापता येतात.

प्रश्न (सिंहगड रस्ता): ॲल्युमिनियमचा हीटसिंक लावला, तरी तापमान आधीइतकंच, उलट दोन अंश जास्तच. हीटसिंक नकली असेल का?

उत्तर: ॲल्युमिनियम नकली असत नाही. ड्राइव्ह काढा आणि पॅड बघा. पॅडच्या दोन्ही बाजूंना पातळ फिल्म असते. एका बाजूची बहुधा निळी किंवा खरखरीत असते, ती सहज दिसते. दुसरी पारदर्शक असते, तीच राहून जाते. पॅडचा कोपरा नखानं हलकेच खरवडा. कडक, चकचकीत पापुद्रा सुटत असेल तर तीच ती. तिच्यामुळे पॅड नुसता टेकतो, चिकटत नाही, आणि मधे हवेचा थर राहतो.

फिल्म काढलेली असेल, तर पॅडवर चिपचा ठसा उमटला आहे का ते बघा. कंट्रोलरच्या जागी ठसा नसेल तर हीटसिंक फक्त उंच मेमरी चिपवर टेकला आहे आणि गरम कंट्रोलर खाली अधांतरी आहे. तिथे अर्धा मिमी जास्तीचा तुकडा लावा. ड्राइव्हवरचं स्टिकर काढायच्या फंदात पडू नका. त्यावर वॉरंटी असते आणि काही स्टिकरमध्ये उष्णता पसरवण्यासाठी तांब्याचा पातळ थर दिलेला असतो.

लावलेला हीटसिंक पुन्हा काढायचा असेल तर सरळ वर ओढू नका. चिकटलेल्या पॅडबरोबर चिप उखडून येते. हेअर ड्रायरनं अर्धा मिनिट कोमट करा आणि बाजूला, आडवा सरकवत सोडवा. राहिलेला तेलकटपणा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. बाजारात मिळणारं सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

तांब्याची नुसती पट्टी लावणाऱ्यांना एक सूचना: तांब्यातून वीज वाहते. पट्टी २२ मिमीपेक्षा रुंद असली किंवा सरकून कनेक्टरच्या सोनेरी पिनांजवळ गेली, तर शॉर्ट होईल. पट्टीखाली सर्वत्र पॅड हवाच.

प्रश्न (हडपसर): माझी २ टीबी ड्राइव्ह कधी ५५ च्या वर जात नाही, तरी मोठी फाइल कॉपी करताना वेग १०० एमबीपर्यंत पडतो. हीटसिंक लावू का?

उत्तर: नको, हे उष्णतेचं काम नाही. तुमची ड्राइव्ह क्यूएलसी जातीची असावी. या जातीत एका पेशीत चार बिट भरतात आणि ते काम सावकाश होतं. म्हणून ड्राइव्ह रिकाम्या जागेचा काही भाग तात्पुरता एका पेशीत एक बिट या वेगवान पद्धतीनं वापरते. याला एसएलसी कॅश म्हणतात. चार बिटांच्या जागेत एकच मावतो, म्हणून सगळी रिकामी जागा जरी वापरली तरी कॅश तिच्या पाव भागाहून मोठी होत नाही. ड्राइव्ह भरत जाते तशी कॅश आक्रसते. १,६०० जीबी भरलेल्या ड्राइव्हला फार तर १०० जीबीच्या आत सगळं उरकावं लागतं. पुढचं सगळं थेट मूळ, संथ गतीनं.

उष्णता की कॅश, हे ओळखायची खूण लक्षात ठेवा. दोनदा कॉपी करून बघा, एकदा झाकण बंद, एकदा झाकण उघडून वर टेबल फॅन लावून. दोन्ही वेळा तितक्याच जीबीला वेग पडला तर कॅश. पंखा लावल्यावर वेग पडणं लांबलं किंवा पडलाच नाही तर उष्णता. दोन चाचण्यांच्या मधे मशीन अर्धा तास तसंच चालू ठेवा, म्हणजे कॅश रिकामी व्हायला वेळ मिळेल.

तुमच्यासाठी उपाय एकच: ड्राइव्हचा चौथा हिस्सा तरी रिकामा ठेवा.

प्रश्न (पिंपळे सौदागर): मिनी पीसीसाठी नवी ड्राइव्ह घ्यायची आहे. थोडे जास्त पैसे घालून जेन ५ घेतली तर पुढची पाच वर्षं बघायला नको, बरोबर ना?

उत्तर: लहान डब्यात जेन ५ घेऊ नका. पहिल्या फळीतल्या जेन ५ ड्राइव्ह भर कामात ११-१२ वॅटपर्यंत जातात आणि जाडजूड हीटसिंक, कधी त्यावर पंखाही मागतात. तुमचा स्लॉट जेन ४ किंवा जेन ३ असेल तर तो वेग मिळणारही नाही. आधी स्लॉटची पिढी बघा. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जेन ४ अकराव्या पिढीपासून आलं, त्याआधीच्या मशीनमध्ये जेन ३ धरून चाला, म्हणजे कमाल ३,५०० एमबी. रोजच्या ऑफिस कामात आणि फोटोंमध्ये हा फरक जाणवतही नाही.

घ्यायची ती टीएलसी (एका पेशीत तीन बिट भरणारी), एका बाजूलाच चिप असलेली आणि स्वतःची स्वतंत्र डीरॅम मेमरी नसलेली. अशी ड्राइव्ह संगणकाच्या मेमरीतला थोडा भाग उसना घेऊन भागवते आणि तिचा कंट्रोलर सहसा कमी वीज खातो. दोन्ही बाजूंना चिप असलेली ड्राइव्ह काही स्लॉटमध्ये खाली टेकते, तिथे वारा तर मुळीच जात नाही. जेन ४ ड्राइव्ह आधीच घेतली असेल आणि बायोसमध्ये स्लॉटचा वेग ठरवायची सोय असेल, तर ‘ऑटो’ऐवजी ‘जेन ३’ करून बघा. मोठ्या कामाच्या वेळी काही अंश नक्की उतरतात.

बसवताना: प्लग काढा, पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा, डब्याच्या उघड्या धातूला हात लावा. ड्राइव्ह ३० अंशांच्या तिरक्या कोनात शेवटपर्यंत सरकवा, सोनेरी पट्टी जेमतेम दिसेनाशी झाली पाहिजे, मग खाली दाबून स्क्रू लावा. स्क्रू एम२, लांबी ३ मिमी. रिफर्बिश्ड मशीनमध्ये हा स्क्रू हटकून गायब असतो. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळतो. लांब स्क्रू घुसवू नका, आणि स्क्रूऐवजी टेप तर नकोच. गरम झाल्यावर टेप सुटते, ड्राइव्ह स्प्रिंगसारखी वर उठते आणि झाकणाला टेकते.

प्रश्न (सदाशिव पेठ): जुन्या ड्राइव्हचं क्लोन (हुबेहूब प्रत) नव्या ड्राइव्हवर यूएसबी केसमधून करत होतो. ६० टक्क्यांवर ‘डिस्क सापडत नाही’ आलं. केसला हात लावला तर चटका बसला. परत केलं, परत तसंच. आता काय करावं?

उत्तर: क्लोनिंग म्हणजे ड्राइव्हला पडणारं सर्वांत वाईट काम. मधे उसंत नाही, शेकडो जीबी सलग लिहायचे. त्यात यूएसबी केसमध्ये ड्राइव्हबरोबर तिला यूएसबीशी जोडणारी ब्रिज चिपही तापते आणि दोन्ही बंद नळीत असतात.

दुसरं कारण विजेचं. यूएसबी ३ च्या साध्या चौकोनी पोर्टवर मानकाप्रमाणे ९०० मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे साडेचार वॅट. तुमची ड्राइव्ह लिहिताना ७ वॅट मागत असेल तर ती मधेच बंद पडणारच. केस टाइप-सी पोर्टला, सोबत आलेल्या आखूड केबलनं जोडा. टाइप-सी पोर्ट १.५ अँपिअर किंवा त्याहून जास्त देऊ शकतो. हब मधे घालू नका.

मग केसचं झाकण उघडा, ड्राइव्ह उघडी ठेवून वर टेबल फॅन लावा आणि खाली कागद किंवा लाकडी पाट घ्या, धातूचं टेबल नको. मशीनमध्ये दोन स्लॉट असतील तर केसचा नादच सोडा आणि आतल्या आत, क्लोनझिला या सॉफ्टवेअरनं, उघड्या झाकणानं क्लोन करा. सुरू करण्याआधी जुन्या ड्राइव्हवरचा नको असलेला मजकूर हलवून टाका. १५० जीबीचं क्लोन ४०० जीबीच्या क्लोनपेक्षा निम्म्याहून कमी वेळ तापवतं.

दोन सावधगिरी. विंडोज ११ मध्ये बिटलॉकर (ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) आपोआप चालू असू शकतं. रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या, नाहीतर नवी ड्राइव्ह पहिल्याच वेळी ४८ आकडे मागून बसेल. आणि क्लोनिंग गुरुवारी करू नका. देखभालीसाठी वीज जाण्याचा पुण्यातला तो ठरलेला वार. घरगुती एसएसडीत वीज गेल्यावर हातातलं लिखाण पूर्ण करायला कपॅसिटर नसतात. यूपीएस असेल तर वार कोणताही चालेल. क्लोन नीट चालतं आहे हे दोन-चार दिवस वापरून खात्री होईपर्यंत जुनी ड्राइव्ह पुसू नका.

प्रश्न (वानवडी): तापमान रोज बघायला वेगळं सॉफ्टवेअर हवंच का?

उत्तर: नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, मग प्रगत स्टोरेज सेटिंग्जमधलं ‘डिस्क आणि व्हॉल्यूम’ इथे जाऊन एनव्हीएमई ड्राइव्हचे गुणधर्म उघडा. तापमान आणि उरलेलं आयुष्य दिसतं. पण कॉपी चालू असताना चढता आलेख हवा असेल तर एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर घ्या. त्यात काही ड्राइव्ह दोन तापमानं दाखवतात. दुसरा आकडा बहुधा कंट्रोलरचा असतो आणि १०-१५ अंशांनी जास्त असू शकतो. त्याला घाबरू नका, उत्पादकाची मर्यादा पहिल्या, एकत्रित आकड्याला लागू आहे.

लिनक्सवर स्मार्टसीटीएल ही ड्राइव्ह तपासायची आज्ञा चालवली की आणखी एक उपयोगी नोंद मिळते. धोक्याच्या पातळीवर ड्राइव्हनं आजवर एकूण किती मिनिटं काढली, ती. सेकंडहँड ड्राइव्ह विकत घेताना हा आकडा आवर्जून बघा. शून्य किंवा दोन-चार असेल तर ठीक. हजारांत असेल तर ती एखाद्या कोंदट डब्यात वर्षानुवर्षं शिजली आहे.

खोलीचं तापमान जेवढं वाढतं, जवळजवळ तेवढंच ड्राइव्हचं वाढतं. डिसेंबरमध्ये खोली २२ अंश असताना ६५ वर थांबणारी ड्राइव्ह मे महिन्यात ३५ अंशांच्या खोलीत ७८ ला जाईल. म्हणून थंडीत केलेल्या चाचणीत दहा-पंधरा अंशांची जागा राखून ठेवा.

प्रश्न (धनकवडी): जुन्या एसएसडीवर लग्नाचे फोटो ठेवून ती माळ्यावर ठेवली आहे. वरती पत्रा आहे. चालेल?

उत्तर: आजच खाली काढा. एसएसडीत डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि वीज नसताना तो हळूहळू गळतो, उष्णतेत जास्त वेगानं. जेडेक या चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात घरगुती ड्राइव्हची अपेक्षा अशी आहे की लिहिण्याची ठरलेली क्षमता पूर्ण संपल्यावर तिनं विजेशिवाय ३० अंशांना एक वर्ष डेटा टिकवावा. तापमान पाच अंशांनी वाढलं की हा काळ साधारण निम्म्यावर येतो. कमी वापरलेली ड्राइव्ह याहून पुष्कळ जास्त टिकते, पण पत्र्याखालचा माळा मे महिन्यात ३० अंशांवर राहत नाही. फोटोंची एक प्रत साध्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. एसएसडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवून दर सहा महिन्यांनी जोडा आणि सगळ्या फाइली एकदा वाचून घ्या.